तट्टीपलीकडचं गणित

गोपीनाथराव कर्णिकांना अभिमान बाळगायला काहीही पुरायचं. आंबा गोड निघाला तर तो त्यांनी निवडला म्हणून, आणि संध्याकाळी कल्याणच्या खाडीवरून वारा आला तर तो पारनाक्यावर त्यांच्याच आळीत आधी शिरतो म्हणून. ठाण्याच्या कोर्टात ते कारकून होते. तिथेही साहेबांनी एखाद्या मसुद्यावर काट न मारता सही केली, की चार दिवस त्यांची मान ताठ. तेव्हा बावन्न सालच्या जूनमध्ये त्यांची मुलगी उत्तरा एस.एस.सी.ला शाळेत पहिली आली, मुलगे आणि मुली मिळून पहिली, तेव्हा आळीची काय अवस्था झाली असेल ते सांगायला नको. पेढे वाटून झाले. ज्यांना पोचले नव्हते त्यांना बोलावून देण्यात आले. समोरच्या घरातले नाथा प्रधान तर म्हणाले, "गोपीनाथ, पेपर तू लिहिलेस की मुलीने, ते एकदा सांगून टाक."

गोपीनाथराव हसले, कारण त्यांच्या मते त्या यशात त्यांचा वाटा होताच. नववीत शाळेने विचारलं होतं की मुलीला काय द्यायचं. विचारलं होतं हे आपलं म्हणायचं. रीत ठरलेली होती. बीजगणित-भूमितीचा तास लागला की मुली उठून शेजारच्या खोलीत जात आणि तिथे गृहशास्त्र शिकत. कांजी कशी करायची, रफू कसं करायचं, तान्ह्या मुलाला अंघोळ कशी घालायची. मुलगे जागच्या जागी बसून राहत. गोपीनाथरावांनी आनंदाने होकार दिला होता, कारण गृहशास्त्रात भरपूर मार्क पडतात अशी त्यांची माहिती होती. माहिती खरी निघाली. पोरीला त्यात मिळाले तेवढे मार्क शाळेत कुणाला कशातही मिळाले नव्हते.

मग मुंबईच्या कॉलेजचं माहितीपत्रक घरी आलं. गोपीनाथरावांनी ते ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं, म्हणजे नाथाला ऐकू जावं. इंग्रजी सगळ्यांना सक्तीचं. एक भारतीय भाषा सक्तीची. इतिहास आणि राज्यकारभार सक्तीचा. पुढे कुणी काहीही व्हा, पहिल्या वर्षी एवढं सगळ्यांनी शिकायचंच.

"मग मुलीच्या मर्जीला काही ठेवलंय का?" नाथांनी विचारलं.

"आहे ना. मुलींना एक विषय पसंतीचा. भूगोल नाहीतर गणित."

"भूगोल बरा. मुलींना जमतो."

"भूगोलच," गोपीनाथराव म्हणाले.

आतून उत्तरा दारात येऊन उभी राहिली. हातात पिठाची परात तशीच होती. ती म्हणाली, "नाना, मला गणित घ्यायचंय."

पहिल्यांदा गोपीनाथरावांना वाटलं पोर थट्टा करतेय. जिने बीजगणिताचं पुस्तक कधी उघडलं नाही ती गणित घेणार? पण उत्तरा थट्टा करत नव्हती. शाळेच्या त्या दोन खोल्यांमध्ये भिंत नव्हती, लाकडी फळ्यांची तट्टी होती. इकडे मुली रफू करत बसत आणि पलीकडून बीजगणिताचे मास्तर गरजत. उत्तरा सुई चालवता चालवता ऐकत होती. दोन वर्षं ऐकत होती. मास्तरांनी प्रश्न विचारला आणि मुलगे गप्प राहिले, की तिचं उत्तर मनातल्या मनात तयार असायचं. कधी कधी ते बरोबर निघायचं, आणि मग त्या दिवशी रफू वाकडं व्हायचं.

"वेड लागलंय," सुहासिनीबाई, म्हणजे उत्तराची आई, आतून म्हणाल्या. "पहिली आलेली मुलगी. सरळ भूगोल घे, पास हो. ते डोंबिवलीचे गुप्ते दोनदा निरोप देऊन गेलेत. मुलगा चांगला आहे, बँकेत आहे. एक वर्ष जरी वाया गेलं ना उत्तरा, तर मी त्यांना हो कळवणार. आत्ताच सांगून ठेवते."

हे स्थळ खरोखरच चांगलं होतं, आणि म्हणूनच धाक खरा होता. गोपीनाथरावांनीही मान डोलावली. एक वर्ष फुकट गेलं तर त्यांच्याकडे दुसऱ्या वर्षाचं बोलायला तोंड राहणार नव्हतं.

कॉलेजात प्रवेशाच्या दिवशी बापलेक गणिताचे प्रोफेसर केळवकर यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. केळवकर किडकिडीत, चष्मेवाले, आवाज मात्र भारदस्त. त्यांनी मार्क पाहिले, भुवया उंचावल्या, मग विषय पाहिले आणि भुवया खाली आल्या.

"मिस कर्णिक, तुम्ही बीजगणित केलेलं नाही. भूमिती केलेली नाही. माझ्या वर्गातला पहिला तास तुमच्या डोक्यावरून जाईल. मुलींना भूगोलाची सवलत आहे. घ्या की ती."

"सवलत नको सर," उत्तरा म्हणाली. "वर्गात बसू द्या."

गोपीनाथरावांनी वळून मुलीकडे पाहिलं. कोर्टात पंचवीस वर्षं काढलेला माणूस. साहेबाला 'नको' म्हणता येतं हे त्यांना माहीतच नव्हतं. पण केळवकर रागावले नाहीत. त्यांनी टेबलावरचा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "अ अधिक ब, याचा वर्ग. लिहा."

उत्तराने लिहिलं. अक्षर सुरेख. तिने लिहिलं होतं: 'अ चा वर्ग, आणि अ व ब यांच्या गुणाकाराची दुप्पट, आणि ब चा वर्ग.' पूर्ण वाक्य, शेवटी पूर्णविराम देऊन.

केळवकरांनी कागद उचलला, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. "हे असं कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी नाही सर. मी ऐकलंय. फळा दिसत नव्हता."

मग तिने तट्टीची हकिगत सांगितली. केळवकरांनी ते वाक्य बोट ठेवून पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "उत्तर बरोबर आहे. लिहिणं मात्र जगात कुणी लिहीत नाही असं आहे. ठीक. सहामाहीपर्यंत बसा. सहामाहीत गणितात पास झालात, तर वर्ग तुमचा. नापास झालात, तर माझ्याकडे जागा नाही, आणि तोवर भूगोलाची हजेरी बुडालेली असेल, म्हणजे वर्ष गेलं. गणपतीच्या सुट्टीपर्यंत विचार बदललात तर भूगोलवाले घेतील. त्यानंतर नाही. कर्णिकसाहेब, चालेल तुम्हाला?"

गोपीनाथरावांना 'विचार करून कळवतो' म्हणायचं होतं. पण समोर कुणीतरी त्यांना साहेब म्हटलं होतं आणि बाजूला मुलगी ताठ उभी होती. ते म्हणाले, "चालेल. घरी मी बघतो तिचं. माझी मॅट्रिकला भूमिती पक्की होती."

ही बढाई होती की खरं, हे त्यांचं त्यांनाही परत येईपर्यंत ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे ओट्यावर वर्ग सुरू झाला. माळ्यावरून भूमितीचं जाड इंग्रजी पुस्तक खाली आलं. गोपीनाथरावांनी त्यावरची धूळ झटकली, पाट मांडला, पाटी घेतली आणि डोळे मिटून म्हणायला सुरुवात केली, "लेट ए बी सी बी अ ट्रँगल." मग पुढचं सगळं. थांबले नाहीत, अडले नाहीत. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन, हे त्यांनी रामरक्षा म्हणावी तसं सिद्ध करून दाखवलं. रस्त्याने दूध घेऊन चाललेला राघो गवळी थांबून ऐकू लागला. गोपीनाथरावांचा आवाज आणखी चढला.

उत्तरा आकृतीकडे बघत होती. "नाना, ही वरची रेषा कशाला काढली?"

"समांतर रेषा आहे ती. ए मधून, बी सी ला समांतर."

"ते कळलं. पण काढायची हे सुचलं कसं?"

"सुचायचं काय त्यात? पुस्तकात आहे."

"मग खालून काढली तर?" तिने पाटी फिरवली. त्रिकोण उलटा झाला, टोक खाली. "आता करा."

गोपीनाथरावांनी तोंड उघडलं, "लेट ए बी सी..." आणि गप्प झाले. ए आता खाली गेला होता. बी कुठे, सी कुठे, कोणता कोन कुणाच्या बरोबर, काही सुधरेना. मॅट्रिकला भूमितीत त्यांना उत्तम मार्क होते. सत्तावीस वर्षं ते सांगत आले होते. आणि आज पाटी नुसती फिरवली तर सगळी भूमिती सांडून गेली.

राघो दूध घालून निघून गेला. गोपीनाथरावांनी पाटी पुन्हा सरळ केली, पुन्हा उलटी केली. राग आला होता, पण कुणाचा ते कळत नव्हतं. शेवटी म्हणाले, "उत्तरा, मला हे पाठ आहे गं. कळलेलं नाहीये." त्यांच्यासारख्या माणसाला हे वाक्य म्हणायला किती जड गेलं असेल ते त्यांचं तेच जाणोत.

"मग आपण दोघं बघू," उत्तरा म्हणाली.

असं ते सुरू झालं. बापाकडे भाषा होती, इंग्रजी होतं, पुस्तकातली चिन्हं होती. मुलीकडे 'का' होतं. तो म्हणायचा, ती अडवायची. ती मराठीत वाक्यं लिहायची, तो त्यांचे एक्स आणि वाय करून द्यायचा. लांबलचक वाक्याचं एवढंसं समीकरण झालं, की ती लहान मुलीसारखी हसायची. "एवढंच? दोन वर्षं मी हे एवढं सगळं डोक्यात धरून बसले होते?" कॉलेजातून संध्याकाळी येऊन ती त्या दिवसाचा तास सांगायची आणि सकाळी दोघं त्याच्याशी झगडायची. त्यात पुन्हा इंग्रजीचे निबंध होते, इतिहासाची टिपणं होती. तीही कुणाला चुकली नव्हती. गोपीनाथराव कधी कधी चिडून म्हणत, "गणितवाल्या मुलीला इतिहास कशाला?" आणि मग रात्रीच्या जेवणाला तिच्याकडून पार्लमेंट कशी चालते ते ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात दुसऱ्यांना सांगत.

नाथा प्रधानांना तर पर्वणीच होती. "काय गोपीनाथ, यंदा परीक्षेला तूही बसणार वाटतं?"

"बसलो असतो," गोपीनाथराव म्हणाले, "पण तुझ्यासारखा कच्चा विद्यार्थी वर्गात घेत नाहीत, म्हणून मित्राखातर थांबलोय."

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात केळवकरांनी वर्गात परीक्षा घेतली. उत्तरा नापास झाली. थोडीथोडकी नाही, चांगली नापास. तिने पेपर आणून पाटावर ठेवला. बहुतेक गणितं अर्ध्यापर्यंत बरोबर होती आणि वेळ संपला होता. प्रत्येक गोष्ट ती मुळापासून सिद्ध करत बसली होती. इतर मुलांना जे तोंडपाठ होतं ते ती दर वेळी नव्याने शोधून काढत होती.

गणपती चार दिवसांवर होते. सुट्टी लागली की भूगोलाचं दार बंद. त्या संध्याकाळी घरात कुणी नीट जेवलं नाही. गोपीनाथरावांच्या मनात सगळं उलटंसुलटं चाललं होतं. पोर शाळेत पहिली आलेली. तिच्या पेपरावर असे मार्क त्यांनी कधी पाहिले नव्हते. वर्ष गेलं तर गुप्त्यांकडे होकार जाणार आणि मुलीच्या शिक्षणाचा शेवट होणार, तोही त्यांनीच मारलेल्या बढाईपायी. त्यांनी ठरवलं, सांगून टाकायचं. भूगोल घे.

"उत्तरा," ते म्हणाले, "भूगोल घेतलास तर पास होशील ना?"

"हो. चांगली पास होईन. पहिलीसुद्धा येईन कदाचित."

"मग?"

ती खाली बघत होती. डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता. "मग मी पुन्हा तट्टीच्या अलीकडे, नाना. पलीकडचं नुसतं ऐकायचं."

गोपीनाथरावांनी तोंडाशी आलेला भूगोल गिळला. बोलल्या त्या सुहासिनीबाई. कोपऱ्यात मोदकांच्या पिठाचे तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांनी सूप खाली ठेवलं. "अहो, तिला वेळ पुरत नाही एवढंच ना? पाढे पाठ असतात म्हणून बाजारात हिशेब पटकन होतो. तुम्हाला आयुष्यात एक गोष्ट चांगली येते, घोकायची. ती शिकवा तिला. कळलेलं आहे ते घोकून घ्या तिच्याकडून." आणि पुन्हा सूप उचलून म्हणाल्या, "गुप्त्यांना मी दिवाळीनंतर कळवते म्हणून सांगितलंय. उगाच माझ्याकडे बघू नका."

गोपीनाथराव बघतच राहिले. ज्या गोष्टीची त्यांना गेले दोन महिने लाज वाटत होती, तीच बायकोने त्यांच्या हातात परत दिली होती. आणि कळवण्याची मुदत तिने कुणाला न सांगता पुढे ढकलली होती. त्यांना तिचा इतका अभिमान वाटला की ते उठून उगाच पाणी पिऊन आले.

मग पहाटेचा वर्ग बदलला. आता गोपीनाथराव खऱ्या अर्थाने आपल्या राज्यात आले. सूत्रं चालीवर म्हणायची, प्रमेयं टाळीवर म्हणायची. त्रिकोणमितीची सूत्रं त्यांनी आरतीच्या चालीवर बसवली, आणि गौरींच्या दिवशी आरतीत साइन-कॉस घुसले तेव्हा सुहासिनीबाईंनी त्यांना देवघराबाहेर काढलं. पण पाठ करायच्या आधी उत्तरा प्रत्येक गोष्ट एकदा उलटी करून पाहायची, आणि त्यांनाही पाहायला लावायची. पाटी फिरवायची. "आता म्हणा." कधी ते अडायचे. कधी अडायचे नाहीत. ज्या सकाळी अडले नाहीत त्या सकाळी ते कोर्टात जाताना स्टेशनपर्यंत गुणगुणत गेले. पुढे पुढे तर ती अशी काही गणितं सोडवू लागली, की ते नुसते बाजूला बसून खडू पुढे करायचे.

सहामाही झाली. निकालाच्या दिवशी गोपीनाथरावांनी रजा टाकली आणि मुलीबरोबर कॉलेजात गेले. गणिताच्या खोलीबाहेर मुलग्यांची गर्दी होती. वर्गात मुलगी ही एकच. केळवकरांनी दोघांना आत बोलावलं आणि पेपर उत्तराच्या हातात दिला.

"पास आहात. वर्गात सव्विसाव्या." त्यांनी चष्मा सारखा केला. "वर्ग तुमचा."

सव्विसावी. गोपीनाथरावांनी तो आकडा मनात म्हणून पाहिला. आजवर ही मुलगी पहिलीच्या खाली कधी उतरली नव्हती, आणि त्या पहिल्या नंबरांनी त्यांची मान ताठ झाली होती. पण आत्ता छातीत जे दाटून आलं होतं ते तसलं नव्हतंच. हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. एकेक रेषा कुठून आली ते त्यांना ठाऊक होतं. हा नंबर त्यांना साऱ्या कल्याणभर सांगत फिरायचा होता, आणि त्याच वेळी कुणालाच सांगू नये असंही वाटत होतं.

"एक विचारतो," केळवकर म्हणाले. "तुम्ही एकेक पायरी अशी लिहिता, की मला ती वाचताना बरं वाटतं. ऑगस्टमध्ये तुम्हाला वेळ पुरत नव्हता, आता पुरतोय. शिकवणी कुणाची लावलीत?"

"नानांनी शिकवलं," उत्तरा म्हणाली.

केळवकरांनी गोपीनाथरावांकडे पाहिलं, त्या पाहण्यात आदर होता. हा क्षण गोपीनाथराव जन्मभर ज्याची वाट बघत होते तसला होता. कौतुक समोर वाढून ठेवलेलं, नुसतं घ्यायचं. ते ताठ उभे राहिले, घसा खाकरला.

"सुरुवातीला मी शिकवत होतो सर," ते म्हणाले. "पाठ होतं ते. कळलेलं काहीच नव्हतं. नंतर तीच मला शिकवत होती. मी फक्त घोकून घेतलं."

केळवकर खुर्चीवरून उठले आणि त्यांनी आधी उत्तराला आणि मग गोपीनाथरावांना नमस्कार केला.

दोघं बाहेर पडली. कॉलेजच्या फाटकापर्यंत आली. मग उत्तरा म्हणाली, "नाना, असं कशाला सांगितलंत? तुम्ही नसता तर मी पास झाले असते का?"

"तू मला शिकवलंस ते खोटं आहे का?"

"खोटं नाही, पण..."

"मग पण काय?" गोपीनाथराव थांबले. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, आणि टोपी पुन्हा डोक्यावर ठेवायचं विसरले. "मॅट्रिक झाल्यापासून मला कुणी काही शिकवलं नव्हतं गं, उत्तरा. नुसती कामं सांगितली."